ॲडमिरलचं पंधरावं जॅकेट

माझा मेहुणा विम्याच्या कचेरीत दाव्यांचे अर्ज तपासतो आणि घरी आला की आरमारात असतो. कचेरीतले लोक त्याला ॲडमिरल म्हणतात. ते चेष्टेने म्हणतात हे सगळ्यांना कळतं, फक्त त्याला कळत नाही. समुद्राशी त्याचा संबंध म्हणाल तर खाडी ओलांडणाऱ्या बोटीत पाच मिनिटं बसला की रुमाल तोंडाशी जातो. माझ्या लग्नाच्या दिवशी त्याने बोटीतच माझ्या नव्या बुटांवर ओकून ठेवलं होतं. मी ते विसरलेलो नाही.

हा माणूस जुनी लष्करी डेक जॅकेटं जमवतो. युद्धाच्या काळात उघड्या डेकवर पहारा करणाऱ्या खलाशांना देत असत ती. बाहेरून वारा शिरणार नाही असं जाड सुती कापड, आत लोकर, पुढे चेन आणि चेनीवर बटणांची पट्टी, पाठीवर रंगाने छापलेला जहाजाचा नंबर. अशी चौदा त्याच्याकडे होती. बेडरूममधलं कपाट त्यांचं. त्याच्या बायकोचे कपडे पलंगाखालच्या पेटीत. एका कडाक्याच्या थंडीत तिने यातलं एक घालू का म्हणून विचारलं, तर गडी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

मी शिंपी, त्यामुळे फिटिंगची बिगार माझ्या गळ्यात. ही जॅकेटं मुळात ऐसपैस बेतलेली असतात. आत दोन स्वेटर घालून माणसाला दोर ओढता आला पाहिजे, हा हिशोब. ॲडमिरलला ती अंगाला चापूनचोपून हवीत. दुकानातल्या आरशासमोर तो खिशात हात घालून उभा राहतो, हनुवटी वर करतो, एकदा या बाजूने वळून बघतो, एकदा त्या.

"जरा हात वर करून बघ," मी म्हणतो.

"हात कशाला वर करायचेत, भाऊजी?"

खरंच, कशाला? अर्जावर सही करायला हात वर करावा लागत नाही.

आता गंमत अशी, की या घरात खरोखर डेकवर उभा राहिलेला माणूस होता. माझे सासरे, म्हणजे याचे वडील. बावीस वर्षं आरमाराच्या मालवाहू जहाजावर दोरखंड सांभाळले त्यांनी. त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यांचंही एक तसलंच जॅकेट होतं, रंग उडालेलं, कोपरावर ठिगळ लावलेलं. ते घालून ते भाजी आणत आणि सकाळी गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालत. ॲडमिरलला त्याची लाज वाटे. पाहुणे आले की "बाबा, ते आत ठेवा ना" म्हणायचा.

मग एके दिवशी त्याला त्याच्यासारख्याच कुणा दीडशहाण्याकडून कळलं, की त्या पाठीवरच्या नंबराचं जॅकेट कुणाकडेच नाही. झालं. त्या दिवसापासून बापाच्या पाठीकडे तो इतक्या प्रेमाने बघायला लागला, की म्हाताऱ्याला वाटलं पोराला उशिरा का होईना माणुसकी सुचली.

"अस्तर सुटलंय, बाबा. भाऊजींकडून नीट करून आणतो."

"लवकर आण. सकाळी गारठा असतो," सासरे म्हणाले, आणि काढून दिलं.

दुकानात आल्यावर त्याने ते टेबलावर पसरलं. एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत टेप लावली आणि नाक मुरडलं. उजव्या बगलेत तळहाताएवढा चौकोनी तुकडा घातलेला होता. शिडाचं कापड, मेणाचा दोरा, हाताची शिवण, टाके एकसारखे. ज्याने घातला त्याला काम येत होतं.

"हा मूळचा नाही," ॲडमिरल म्हणाला. "काढून टाका. आणि छातीत दोन इंच आत घ्या. रविवारी संग्राहकांचा मेळावा आहे."

"आणि बाबा काय घालणार?"

"त्यांना नवा स्वेटर आणलाय की. बघा ना भाऊजी, तुमच्यासारखा हात आहे का कुणाचा? बाकीचे शिंपी नुसते पोती शिवतात."

इथे मी त्याला जॅकेटसकट बाहेर काढायला हवं होतं. पण मी विरघळलो. बगलेत तुकडा घालतात तो हात नीट फिरावा म्हणून, हे मला शिकाऊ असताना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तरी हा कुणाच्या हातासाठी घातलाय, हे मी विचारलं नाही. उसवला. बगल चपखल बसावी म्हणून आतलं जास्तीचं कापडही कापून टाकलं. ते ठेवलं असतं तर पुन्हा सोडता आलं असतं. वर मशीन मारली आणि स्वतःवरच खूश झालो.

मेळाव्याला मला कौतुकाने नेलं. भर दुपारी, बंद हॉलमध्ये, तीसचाळीस पोटं सुटलेले पुरुष लोकरीची जॅकेटं घालून घाम गाळत उभे होते आणि एकमेकांच्या चेनी तपासत होते. त्यांच्यातला सगळ्यात जाणता, एक निवृत्त दातांचा डॉक्टर, ॲडमिरलपाशी आला. पाठीवरचा नंबर पाहून त्याचे डोळे चमकले. मग त्याने बगलेत दोन बोटं घातली.

"इथे जहाजावरची दुरुस्ती असणार. शिडं शिवणाऱ्याच्या हातची. अशी बघायला मिळत नाही. कुणी काढली?"

ॲडमिरलने माझ्याकडे बोट दाखवलं. "माझा शिंपी," तो म्हणाला.

भाऊजी नाही. शिंपी.

बाहेर पडल्या पडल्या त्याने तो तुकडा परत लावायला सांगितला. तुकडा माझ्याकडे होता, चिंध्यांच्या डब्यात. पण तो शिवायचा कशावर? भोवतीचं कापडच मी उडवलं होतं.

"मग जुनं वाटेल असं काहीतरी करा," तो म्हणाला. बापाचं नाव त्याच्या तोंडून अजून निघालं नव्हतं.

मी त्याला जॅकेट काढायला लावलं. ते त्याला एकट्याला निघेना. दोन्ही हात मागे अडकवून तो रस्त्यात गोल फिरत होता, आणि मी सावकाश मदत केली. मग त्याला घेऊन तडक सासऱ्यांकडे गेलो.

सासऱ्यांनी नवा स्वेटर काढला आणि जॅकेट घेतलं. डावा हात गेला. उजवा निम्म्यावर अडला. त्यांनी खांदा थोडा वळवून पुन्हा घालून पाहिला. तसाच अडला.

"हा खांदा मोडला होता," ते मला म्हणाले. "दोर तुटून बसला. हाड वाकडंच जुळलं, मग जॅकेट चढेना. तेव्हा शिडं शिवणारा माझ्या बिछान्यापाशी बसला आणि अंगावर माप घेऊन त्याने तो तुकडा घातला."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," ॲडमिरल म्हणाला.

"तू जहाजाचा नंबर विचारलास. खांद्याचं कुठे विचारलंस?"

ॲडमिरल जॅकेटकडे बघत राहिला. अजूनही जॅकेटकडेच.

सासऱ्यांनी ते उजेडात धरलं आणि माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवला. त्यात राग नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याचं काम पारखलेल्या माणसाची ती सवय होती.

"हात मात्र साफ आहे तुमचा, जावईबापू," ते म्हणाले. "इथे कधी काही होतं, असं वाटतसुद्धा नाही."