न तपासता गेलेला ‘हो’

ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणत. ‘भित्री’ हा शब्द कुणी उच्चारत नसे, पण तो ऐकू यायचाच. कुलूप लावलं तरी ती पुन्हा पुन्हा ओढून बघे. एका संगणकाच्या पोटात दुसरा, लटका संगणक चालवणारं सॉफ्टवेअर ती सांभाळायची. आतला प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसरला विचारतो, तुला काय काय येतं? उत्तरादाखल फ्लॅग, म्हणजे हो-नाहीच्या छोट्या खुणा, जातात: हे येतं, ते येत नाही. ही उत्तरं तिच्या हातची.

एका दुपारी नणंदेचा फोन आला. नणंद रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्रात कॉल घ्यायची. तिथेही हेच सॉफ्टवेअर होतं. नव्या सर्व्हरची दुरुस्ती निघाल्यामुळे सगळं चालू असतानाच जुन्यावर हलवताहेत, असं ती सहज बोलून गेली.

भागूबाईला आठवलं. गेल्या आठवड्यात तिने एका नव्या फ्लॅगची भर घातली होती. तिने तो भाग उघडून वाचला. खालच्या खऱ्या प्रोसेसरला ते काम येतं की नाही, हे न बघताच ‘हो’ जात होतं. जुन्याला ते येत नव्हतं; तिथे आतला प्रोग्रॅम ते करायला जाताच कोसळणार.

“ताई, थांबवा त्यांना. आत्ताच्या आत्ता.”

नणंद धावली. फोन चालूच होता. पलीकडे खुर्च्या सरकल्या, मग कुणीतरी म्हणालं, “स्क्रीन गेले.”

नोकरी जाणार हे धरूनच ती साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली, आणि त्यामुळे ती जास्तच घाबरली. त्यांच्याच संगणकावर तिने तो फ्लॅग ‘नाही’ केला आणि केंद्राला सगळं नव्याने सुरू करायला लावलं. तोवर तिथली माणसं पत्ते कागदावर उतरवत होती.

स्क्रीन परत आले. पण एक कॉल मधेच तुटला होता.

“एक मुलगा ‘वडील उठत नाहीत’ एवढंच म्हणाला गं,” नणंद म्हणाली. “पत्ता सांगायच्या आत फोन कट झाला. नंबरही राहिला नाही.”

पुढची सगळी दुपार भागूबाईने पाणीसुद्धा घेतलं नाही. आपण एक माणूस मारला, हे तिने मनाशी धरलंच होतं. संध्याकाळी नणंदेचा पुन्हा फोन आला. त्या मुलाने लगेच शेजाऱ्याच्या फोनवरून पुन्हा कॉल केला होता, पण तो कॉल दुसऱ्या टेबलावर गेला होता. वडील दवाखान्यात होते, शुद्धीवर.

भागूबाईने पाण्याचा पेला जवळ ओढला, पण उचलला नाही.

“नक्की तेच ना, ताई?” तिने विचारलं. “एकदा परत विचाराल?”