इंजिन थंड असताना

गल्लीतली साठीपुढची निम्मी माणसं त्याच्या दातांनी हसतात. उरलेली निम्मी हसायचं टाळतात, कारण त्यांनी दात दुसरीकडून करून घेतले. त्याला सगळे दातवाला म्हणतात. तो डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोकांच्या तोंडात बघतो. हा तळमजल्यावरच्या खोलीत बसून त्या तोंडात बसेल अशी कवळी घडवतो. जन्मभर घासण्याच्या यंत्रासमोर बसल्याने दोन गोष्टी झाल्या. दोन दातांमधली केसाएवढी फट त्याच्या बोटांना न बघता कळू लागली, आणि कान गेले. कानातलं यंत्र घातलं की बरंचसं ऐकू येतं, काढलं की जग मिटतं. झोपताना तो ते डबीत ठेवतो आणि सकाळी तोंड धुऊन, पेपर चाळून झाल्यावर मगच घालतो. सकाळी सकाळी ऐकण्यासारखं जगात काही नसतं, असं त्याचं मत होतं. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, मोजमाप जमलं नाही.

वरच्या मजल्यावर वहिनी राहते. मागच्या हिवाळ्यापर्यंत भाऊही राहत होता. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला आणि मागे वहिनी आणि गाडी उरल्या. भावाला विचारलं असतं तर त्याने हा क्रम उलटा लावला असता.

गाडी जुनी, लाल, दोनच माणसांची. इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर बसायचीच तयारी हवी. शर्यतीत धावायला जन्मलेली ती गाडी भावाने आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नेली आणि परत आणली, शाळेतल्या मुलाला बोट धरून न्यावं तशी. वर्षातून एकदा मात्र तो बाह्या सरसावून तिचे व्हॉल्व्ह सेट करायचा. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या डोक्यातली दारं; काही हवा आणि पेट्रोल आत घेतात, काही धूर बाहेर सोडतात. दार आणि ते ढकलणारा दांडा यांच्यात अगदी थोडी फट लागते. वरचा दात खालच्यावर कसा टेकतो हे पाहण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. पण भावाने त्याला फट मोजायच्या पात्यांना कधी हात लावू दिला नाही. "तू फक्त उजेड धर," म्हणायचा. तो उजेड धरायचा. उजेड जरा हलला तरी भाऊ न बघता जीभ चुकचुकवायचा.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला तडकलेली कवळी घेऊन आला, तेव्हा हा विषय निघाला.

"तुमच्या गाडीचा आवाज कमी होत चाललाय," रिकाम्या हिरड्यांनी तो म्हणाला.

"कमी झाला तर बरंच की."

"बरं कसलं? तुमचे बंधू एक व्हॉल्व्ह जरा सैल ठेवायचे. टकटक करायचा. सैल व्हॉल्व्ह बडबड्या असतो, पण कुणाचं वाईट करत नाही. गप्प व्हायला लागला की समजायचं, फट मिटत चाललीय. मग दार पुरतं लागत नाही, धग खातं आणि जळतं. आमच्या घरीही हाच नियम आहे."

"तुम्ही कधी ऐकलंत?"

"रोजच ऐकतो. पहाटे शटर वर करतो तेव्हा तुमच्या बंद दाराआड गाडी चालू असते. महिन्याभरात सेट केले नाहीत तर इंजिन गेलं म्हणून समजा."

वहिनी करत असणार, दातवाल्याला वाटलं. दुःख प्रत्येकाने आपापल्या सोयीने करावं. कुणी फोटो पुसतं, कुणी इंजिन चालू करतं. विचारायला जाणं बरं दिसलं नसतं.

त्याने तयारी केली. भावाची पाती फडक्यातून काढून कवळ्यांच्या टेबलावर मांडली, नट फिरवायचे पाने मांडले, इंजिनाच्या झाकणाखाली घालायची नवी रबरी पट्टी आणली. एकच अट होती: इंजिन रात्रभर उभं राहून पुरतं थंड झालेलं हवं. तापलेलं लोखंड फुगतं आणि माप खोटं बोलतं. सकाळी उठून, तोंडही न धुता तो गाडीपाशी गेला, बॉनेट उचललं आणि झाकणावर तळवा ठेवला.

कोमट होतं. अंगात कसर असलेल्या मुलाचं कपाळ लागावं तसं.

धुराचा वास मात्र नव्हता. गाडीच्या खिडकीच्या काचेवर दव होतं आणि ते कुणी पुसलेलं नव्हतं. चालकाची सीट पार मागे सरकवलेली, भावाच्या लांब पायांच्या मापाने. वहिनीचे पाय तिथून पोचले नसते. पण नुसती किल्ली फिरवायला पाय कशाला हवेत, अशी त्याने समजूत घातली.

दुसऱ्या दिवशीसाठी त्याने बॅटरीची तार सोडवून ठेवली. सकाळी तार सुटलेलीच होती आणि इंजिन कोमट. इतकी वर्षं संसार केला की बायकोला नवऱ्याच्या गाडीतलं काहीही जमत असेल, असं तो अविवाहित माणसाच्या आत्मविश्वासाने म्हणाला. मग बॅटरीच उचलून खोलीत आणली आणि वाळत घातलेल्या कवळ्यांशेजारी ठेवली. सकाळी उठल्यावर आधी ती जागेवर आहे ना पाहिलं. होती. खाली गेला. तळवा ठेवला. या वेळी तो लगेच उचलला.

त्या दिवशी पेपर न चाळता त्याने यंत्र कानात घातलं आणि जिना चढला. वहिनीने चहा पुढे केला.

"वहिनी, उद्या एक दिवस गाडी चालू करू नका."

"मी?" वहिनी म्हणाली.

"रोज करा, माझी काही तक्रार नाही. फक्त एक दिवस. व्हॉल्व्ह सेट करायचेत, त्याला इंजिन थंड लागतं."

वहिनीने कप बशीत ठेवला. "भाऊजी, मला वाटत होतं तुम्ही करता. माझ्यासाठी. बोलून दाखवलं तर तुम्ही लाजाल आणि बंद कराल, म्हणून गप्प होते."

"सकाळी माझ्या कानात यंत्रही नसतं."

"म्हणूनच इतका वेळ चालू ठेवता असं वाटलं."

दोघांनी स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. किल्ली तिथेच लोंबकळत होती. दुसरी दातवाल्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. त्याने वरून चाचपली.

"त्या आवाजाने मला जाग येते," वहिनी म्हणाली. "हे अजून खालीच आहेत, आता वर येतील, असं वाटतं. मग दिवस बरा जातो. हल्ली टकटक बारीक झालीय."

दातवाल्याने गॅरेजवाल्याचं म्हणणं सांगितलं. व्हॉल्व्ह सेट झाले नाहीत तर इंजिन जळणार, हेही सांगितलं.

"मग सांगायला हवं," वहिनी म्हणाली.

कुणाला, हे त्याने विचारलं नाही. पण वहिनी जागची हलली नाही.

"तुम्हाला यांचा स्वभाव माहीत आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, पेपर मनात वाचत जा. ते शेवटचं. पुढे माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा म्हटलं, वाचून दाखवा ना. तर म्हणाले, तुला आवडत नाही. या माणसाला एकदा नको म्हटलं की ते जन्माचं नको."

"न सांगितलं तरी महिन्याभरात आवाज बंदच होणार आहे."

"म्हणजे दोन्हीकडून जाणार."

"सांगितलं तर गाडी तरी राहील."

"गाडी घेऊन मी काय करू, भाऊजी?" ती म्हणाली. चहावर साय धरली. "पण त्यांचा जीव होता तिच्यात. माझ्या हौसेपायी त्यांची गाडी जाळायची, हे काही बरं नाही."

ऊन उतरल्यावर ती खाली आली. गाडीखान्याच्या दारात उभी राहून, पेपराआड बसलेल्या नवऱ्याशी बोलावं तशा सुरात म्हणाली, "ऐकलंत का? उद्या गाडी चालू करू नका. भाऊजींना काम आहे. नंतर करा." थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "नंतर करा हं."

बॉनेटखाली काहीतरी एकदाच वाजलं. टक.

"थंड होताना लोखंड वाजतं," दातवाला म्हणाला. ते दुपारीच थंड झालं होतं, हे तो म्हणाला नाही.

सकाळी झाकण गार दगडासारखं लागलं. आनंद व्हायला हवा होता. त्याने झाकण उघडलं, दिवा बॉनेटच्या आकड्याला अडकवला आणि इंजिन पाना लावून हाताने फिरवत एकेक व्हॉल्व्ह तपासला. गॅरेजवाला म्हणाला तेच होतं: तिसऱ्यात पातं शिरेना. त्याने नट सैल केला, फट मोकळी केली, पातं ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं. मग भाऊ ठेवायचा तशी, मापापेक्षा किंचित सैल ठेवली. तो जिकडे वाकत होता तिकडे उजेड आधीच पोचलेला असे. एकदा उजेड जरा हलला. सवयीने दातवाल्याने जीभ चुकचुकवली, आणि उजेड जागेवर आला. मान वर करून आकड्याकडे बघायचा मोह त्याने टाळला. उजेड धरणाऱ्याकडे भावानेही कधी पाहिलं नव्हतं.

बॅटरी बसवून त्याने किल्ली फिरवली. टकटक खणखणीत होती. वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ऐकत होती. "हाच," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इंजिन गार. तिसऱ्या दिवशीही. वहिनी चहा करत होती, आणि तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की ती जागी झाली नव्हती, रात्रभर जागीच होती. नंतर करा, असं दोनदा सांगूनही त्या माणसाने फक्त 'करू नका' ऐकलं होतं. जन्मभर ऐकलं तसंच.

मग एका पहाटे दातवाल्याने तोंड धुण्याआधी यंत्र कानात घातलं, खाली गेला, गाडीखान्याची मागची खिडकी उघडली आणि किल्ली फिरवली. चहाच्या वेळी वहिनी म्हणाली, "आज जरा जास्तच वेळ चालली." तो म्हणाला, "असेल." तेव्हापासून तो रोज उठतो. सकाळी ऐकण्यासारखं काही नसतं हे मत त्याने मागे घेतलं, जाहीर मात्र केलं नाही. वहिनीचा आधीचा समज असा उशिराने खरा झाला.

थंडी सुरू झाल्यावर एकदा त्याला ताप भरला. उठवलंच नाही. ऊन वर आल्यावर भिंत धरत खाली गेला, झाकणावर तळवा ठेवला, मग ताप आपल्याच हाताला असेल म्हणून हात शेजारच्या भिंतीवर ठेवून पाहिला. भिंत गार होती.

वर वहिनीने त्याच्यापुढे चहा ठेवला. झोप झालेल्या माणसाचा चेहरा होता.

"आज टकटक छान होती, भाऊजी."

"हो," तो म्हणाला.

व्हॉल्व्ह पुढच्या वर्षी पुन्हा सेट करावे लागतील. इंजिन थंड लागेलच. त्या वेळी सांगायचं काम भाऊजींचं, असं वहिनीने आत्ताच बजावून ठेवलं आहे, आणि ते कोणत्या शब्दांत सांगायचं याची तयारी त्याने पात्यांच्याही आधी सुरू केली आहे.