पंखा एकदाच फिरला

बायकोला नाही, मित्राला नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही ठाऊक नाही.

मी हिंगोलीकडच्या गोरेगावात विज्ञानाचा मास्तर होतो. दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची भर वर्गात टिंगल करायचो. पोरं खदखदा हसायची आणि मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

माझी एकुलती लेक वैशू तेव्हा नुकतीच बारावी झाली होती. वर्षभर एकेक भाग जमवून ती स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडत होती. नांदेडला जाऊन हेच काम शिकायचं तिनं मनात धरलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, तुझा कॉम्प्युटर चालू झाला की नांदेड पक्कं. बापाचा शब्द होता तो.

जोडणी झाली. स्क्रीनची केबल तेवढी राहिली होती, ती आणायला वैशू सकाळच्या जीपनं हिंगोलीला गेली. तिची आई शेतात. घरात मी आणि तो उघडा डबा — एका बाजूचा पत्रा काढून ठेवलेला, आत मदरबोर्ड, बारीक तारा. मला काय झालं कुणास ठाऊक! लेकीची पहिली मशीन, ती तशीच कोरडी सुरू करायची? गुपचूप नारळ आणला. कुंकू लावलं. नारळ फोडला आणि नव्या ट्रॅक्टरवर शिंपडतात तसं त्याचं पाणी — हो, शिंपडलं. चार-सहा थेंब आत गेलेच. दिसले तेवढे रुमालानं टिपले. पोरगी हसेल म्हणून कुंकूही पुसलं.

नारळपाण्यात क्षार असतात, क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते — हे मीच सातवीला शिकवायचो. मीच! आजही आठवलं की सुन्न होतो. डोक्यात एवढं सगळं होतं, मग ते हात कुणाचे होते?

दुपारी येऊन तिनं बटण दाबलं. पंखा एकदाच फिरला आणि थांबला.

दोन दिवस ती त्या डब्यापुढून उठली नाही. मेमरीची पट्टी काढून खोडरबरनं घासली, परत बसवली. प्रत्येक केबल काढून पुन्हा लावली. पॉवर सप्लाय वेगळा करून तपासला, तो ठणठणीत निघाला. मी दारात उभा राहून नुसता धीर देत होतो — काय म्हणावं त्या धीराला? शेवटी तिनं विचारलं, "अण्णा, मी नसताना कोणी हात लावला काय याला?"

"न्हाई बाई. कोण लावीन?"

किती सहज निघालं ते तोंडातून! माझं मलाच दचकायला झालं. तिला मात्र जरासुद्धा शंका आली नाही. "मंग माझंच चुकलं कुठंतरी," म्हणाली आणि सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. नांदेडचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही. खरं सांगू? त्या रात्री मला झोपही नीट लागली.

पुढं तिचं लग्न झालं, सेनगावला दिली. परवा नातीला घेऊन आली होती. नात सात वर्षांची. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन ती उघडायला बसली, तर वैशूनं ते काढून घेतलं.

"राहू दे लेकरा, आपल्याला न्हाई जमत हे. माझ्या हातानं नवाकोरा कॉम्प्युटर बिघडला व्हता. इचार अण्णाला."

लेकरानं माझ्याकडं पाहिलं. वैशूनंही पाहिलं — हसून.

मी "व्हय" म्हणालो.