अठ्ठावीस फुटी बोट आणि सात दांडे

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे साडेदहा. एकूण चौतीस फूट दोन इंच. हजर तिघे: टूलरूमकाका, काकू आणि शेजारचा मी.

ही बेरीज घरातल्या लांब दांड्याच्या सात वस्तूंची. फुलझाडू तीन फूट चार इंच, खराटा साडेचार फूट, पोछा चार फूट दोन, वायपर चार फूट आठ, जाळी काढायचा बांबू आठ फूट, काकांची छत्री तीन फूट, पेरू तोडायची आकडी साडेसहा फूट. काका टेप धरत होते, मी वहीत लिहीत होतो. मी बेरीज वाचून दाखवली.

"अच्छा. अन् बोट किती?" काकांनी विचारलं.

"अठ्ठावीस फूट."

दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे आधी झाडूसाठी एक बोट घ्या, मग माणसांसाठी दुसरी."

वस्तू एकीपुढे एक नव्हे, शेजारीशेजारी ठेवायच्या असतात, तेव्हा या बेरजेला काही अर्थ नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पण काकांनी ती खडूनं भिंतीवर लिहून ठेवली होती.

काका संरक्षण कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं होते. तिथे फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला असतो. हत्यार जागेवर नसलं की नुसता रंग दिसतो. काकांनी विजय नगरातल्या घरातही तेच केलं होतं. पक्कड, कात्री, एवढंच काय, उलथन्याचासुद्धा आकार भिंतीवर होता. मी एकदा त्यांची कात्री नेली आणि दोन दिवस परत केली नाही. तिसऱ्या दिवशी काका दारात. "काहून रे मुनीम, माझी भिंत उघडी पडून राहिली!" ज्या वस्तूची जागा ठरलेली नाही ती वस्तू घरात नाहीच असं समजायचं, असं ते म्हणत. मी हिशोबाच्या खात्यातला माणूस. मला हे पटे.

पटलं नाही ते बोटीचं. भेडाघाटच्या बाजूला पर्यटकांसाठी चालणारी एक जुनी, अरुंद बोट त्यांनी निवृत्तीनंतर विकत घेतली आणि तिच्यावर छप्पर चढवून बरगी धरणाच्या पाण्यावर राहायचं ठरवलं. बांधलेलं घर सोडून पाण्यात का? मी निदान चारदा विचारलं. दर वेळी उत्तर एकच: "अठ्ठावीस बाय साडेपाच आहे. दोघांना पुरते." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर कसं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

काकूंनी बोटीला नाही म्हटलं नाही. त्यांनी अट घातली. केरसुणी, म्हणजे तो फुलझाडू, ही लक्ष्मी. ती उभी ठेवायची नाही, दारातून दिसता कामा नये, तिला पाय लागता कामा नये, ती ओलांडायची नाही आणि ती घराबाहेर ठेवायची नाही. बाकीचे दांडेही तिच्याजवळच हवेत, कारण चाळीस वर्षं ते तसेच होते. "माझ्या लक्ष्मीला जागा नसेल तर तिथे मलाही नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही राहा पाण्यात. मी नागपूरला मुलाकडे जाते." आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच काका घाबरले.

साडेपाच फूट रुंदीत दोन्हीकडे बाकं, मध्ये दीड फूट वाट. खाली आडवं ठेवलं की ओलांडणं आलं. उभं करायचं नाही. छपरावर टाकलं की घराबाहेर. मी पाच अटी लिहून त्यांच्यापुढे बरोबर-चूक अशा खुणा करत गेलो. अकरा जागा तपासल्या. एकीलाही पाच खुणा मिळेनात. काका संध्याकाळी माझ्याकडे येऊन ती वही उलटीसुलटी करून बघत. "मुनीम, टॅंकचे भाग बसवले रे मी," ते एकदा म्हणाले, "अन् हा एक झाडू बसून नाही राहिला."

शेवटी त्यांनी डाव्या बाकामागे लोखंडी अँगलचं लांब कपाट केलं. वर झाकण, आत सात खाचा, प्रत्येक खाचेत दांड्याचा पिवळा आकार. बोट तेव्हा काठावर ओंडक्यांवर होती. काकांनी लेव्हल लावून बघितली, बुडबुडा अगदी मध्यावर. मी सगळ्या लांब्या तीनदा मोजल्या. पाचही अटींपुढे बरोबरची खूण केली आणि काकूंना वही दाखवली. त्यांनी ती न बघता विचारलं, "पाण्यात कधी सोडता?"

होळीनंतर सोडली. नाववाल्या भैयांच्या माणसांनी ढकलली, बोट पाण्यात गेली आणि डावीकडे कलली. बुडाली नाही, डोकं खांद्यावर टाकून झोपलेल्या माणसासारखी कलून राहिली. काका आत उभे, हातात लेव्हल, बुडबुडा एका टोकाला. ते लेव्हल उलटी करून पुन्हा बघत होते. भैया काठावरून ओरडले, "बाबूजी, लेफ्ट में क्या भर दिए हो?" तेव्हा मला उमगलं. लांबी मी तीनदा मोजली होती. वजन एकदाही नाही. काकांनीही नाही, टूलरूममध्ये जमीन हलत नसते.

काकू चपला हातात घेऊन आत आल्या आणि उजव्या बाकावर जाऊन बसल्या. बोट सरळ झाली.

"झालं की," त्या म्हणाल्या.

"तू उठलीस की पुन्हा वाकणार," काका म्हणाले.

"म्हणजे मी जन्मभर इथेच बसायचं? अन् चहा कोण करणार, मुनीम?"

काका हसले नाहीत. ते बाकावर टेकले. "राहू दे. जा तू नागपूरला. मला नाही जमलं." चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी कुणापुढे उच्चारलं असेल असं मला वाटत नाही.

काकूंनी छपराकडे बघितलं आणि पिशवीतून एक जुनं सुती लुगडं काढलं. बाळाला बांधतात तशी लांब झोळी त्यांनी बोटीच्या बरोबर मध्यावर, छपराच्या दोन कड्यांना बांधली. तीत सातही दांडे आडवे घातले आणि वरून पदर ओढला. उभं नाही, दिसत नाही, पाय लागत नाही, ओलांडायचं नाही, घरातच. आठ फुटी बांबूची दोन्ही टोकं बाहेर आली, ती तशीच राहिली. "मुलाला इथेच टांगलं असतं ना मी, बोटीवर बाळंत झाले असते तर?" त्या म्हणाल्या. "सामान आणा उरलेलं."

काका खालून झोळी बघत राहिले. बोट हलली की ती हलायची. "मुनीम," ते हळूच म्हणाले, "याचं ड्रॉइंग कसं काढायचं रे?" ते कपाट आम्ही उतरवलं तेव्हा वजन भरलं एकावन्न किलो.

ते दोघं तिथे दोन वर्षं आणि पाच महिने राहिले. मी महिन्यातून एकदा जाई. काकांनी बाकी सगळ्या बोटीत आकार रंगवले होते. झोळीखाली मात्र काही नाही. खडूच्या दोन-तीन रेघा, काढून पुसलेल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. गावातल्या दवाखान्यात आठ दिवस होते, नवव्या दिवशी गेले.

तेराव्यानंतर मुलगा आईला न्यायला आला. आम्ही बोटीवर गेलो. मी मनात सामानाची यादी करत होतो. मला वाटलं, काकूंना आता सुटल्यासारखं होईल. मुलगा म्हणाला, "आई, बॅग भर. इथे एकटी कशी राहशील?"

"कशी म्हणजे? झाडून काढते, स्वयंपाक करते," काकू म्हणाल्या. "तुझ्या तिथे मला प्रत्येक गोष्ट विचारावी लागेल, कुठे आहे म्हणून."

मुलानं माझ्याकडे बघितलं. काकू उठल्या, डब्यातून पैसे काढले आणि मला मोजायला दिले. चार हजार दोनशे, बरोबर होते. बोट बांधायच्या जागेचं पुढल्या वर्षाचं भाडं. ते त्यांनी स्वतः काठावर जाऊन नाववाल्या भैयांच्या हातात दिलं.