अर्धमिनिटे आणि नऊ अंडी

"बंद पडलेल्या वस्तूला कुणी हातच लावला नाही, तर ती चालू कशी होणार?" असं मामा एकदा म्हणाले होते.

त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोर एक बाई उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून त्याच्या घड्याळाला त्यांनी किल्ली दिली नव्हती, आणि आता द्यावी की नाही हेही त्यांचं ठरत नव्हतं. मामांनी घड्याळ त्यांच्या मुठीतून अलगद सोडवलं, मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "अर्धं मिनिट." बाई पाऊण तास उभ्या राहिल्या. जाताना घड्याळ कानाशी धरून गेल्या.

या 'अर्धं मिनिट'मुळे मामांचं खरं आडनाव गल्ली विसरली होती. सगळे त्यांना अर्धमिनिटे म्हणत. एक नवा पोस्टमन तर तेच आडनाव समजून आठवडाभर त्यांची पत्रं परत पाठवत होता.

दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकत. वरून कुणी उतरलं की छतातून पावलं डोक्यावरून जात आणि मामा मान आपोआप खाली घेत. पुढे घरी मोकळ्या आकाशाखालीही ते तशीच मान घालून चालत. चाळीस वर्षं त्या जागेत त्यांनी दुसऱ्यांची वेळ दुरुस्त केली. मग लोक वेळ फोनवर पाहू लागले, मनगटं मोकळी झाली, आणि सत्तराव्या वर्षी मामा टेबल, भिंग आणि तीन चिमटे घेऊन घरी आले. मागच्या खोलीत टेबल मांडलं. पहिल्या आठवड्यात घरातला वजनकाटा, दाराची कडी, मिक्सर आणि मामीचा चष्मा असं सगळं दुरुस्त झालं. यातल्या निम्म्या वस्तू बिघडलेल्याच नव्हत्या.

"आता मला तेवढं उघडून बघू नका, म्हणजे झालं," मामी म्हणाली.

मग मामांची नजर कोंबड्यांकडे वळली.

कोंबड्या मामीच्या. तीस वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या बहिणीनं तिला टोपलीतून तीन पिल्लं दिली होती. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, पायांवर पिसं. पुढे वडिलांचं घर विकलं गेलं, बहीणही गेली. माहेरचं म्हणून मामीकडे उरलं ते एवढंच, ओट्याखाली दाणे टिपणारं. या जातीची एक खोड होती. अंडी भरपूर, पण खुडूक म्हणून बसायचं नाव नाही. अंड्यांवर बसून ती उबवायचं काम शेजारणीची एक लाल कोंबडी करायची. शेजारीण मुलाकडे राहायला गेली, कोंबडी सोबत गेली.

"त्यात काय एवढं?" मामा म्हणाले. "ऊब, ओल आणि फिरवणं. तीन गोष्टी तर आहेत."

त्यांनी थर्मोकोलची पेटी घेतली. झाकणात काच बसवली, आत दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, पाण्याची वाटी. उष्णता राखणारी कळ स्वतः जुळवली. साडेसदतीस अंशांच्या वर-खाली काटा हलेना. हवेतला ओलावा दाखवणारा मीटर तेवढा बाजारातून आणला. अंड्यांवर पेन्सिलीनं आकडे घातले, दिवसातून तीनदा ती फिरवली, आणि वहीत सगळं लिहिलं: उष्णता, ओलावा, पाणी किती घातलं, झाकण कधी उघडलं. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचीही ते अशीच नोंद ठेवत.

पहिली बारा अंडी, त्यांतल्या सातांत जीव धरलाच नाही. एकविसाव्या दिवशी सकाळी पाच अंड्यांना तडे गेले. आतून चिवचिव ऐकू आली. मामी हातातलं पीठ तसंच ठेवून धावत आली. दुपारपर्यंत तडे तेवढेच राहिले. कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लांच्या अंगाला कागदासारखा चिकटला होता. मामांनी पुन्हा झाकण उघडलं, बारीक चिमट्यानं एकाचं कवच सोलायला घेतलं. चिमटा अर्ध्यावर आला आणि रक्त आलं. पिल्लू अजून बाहेर यायच्या बेतात नव्हतंच. पिवळ्या बलकाचा शेवटचा घास त्यानं पोटात ओढून घेतला नव्हता.

ते मामांच्या तळहातावर थंड झालं. बाकीची चार पेटीतच.

मामी पीठ मळायला परत गेली. त्या दिवशी ते जरा जास्तच मळलं गेलं.

"कोरडं पडलं," मामांनी वहीत लिहिलं. मीटर पस्तीस टक्के दाखवत होता, शेवटच्या तीन दिवसांत पन्नास. पुस्तकात ओलावा याहून जास्त हवा असं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी वाटीच्या जोडीला ओला स्पंज ठेवला आणि मीटर पहिल्या दिवसापासून साठवर ठेवला. काचेवर आतून थेंब जमत.

या वेळी एकाही अंड्याला तडा गेला नाही. तेविसाव्या दिवशी मामांनी एकेक अंडं फोडलं. आत पूर्ण वाढलेली पिल्लं, चोच, नखं, ठिपके, सगळं जागेवर. सुजलेली, चिंब. अंड्याच्या बोथट टोकाला जी हवेची पोकळी असते, जिथे पिल्लू पहिला श्वास घेतं, ती शर्टाच्या बटणाएवढी राहिली होती. पिल्लं कवचाच्या आत बुडाली होती.

"एकदा वाळवून मारली, एकदा बुडवून," मामी म्हणाली. "आता पुढच्या खेपेला काय करणार, तळणार?"

विनोद होता. दोघंही हसले नाहीत.

पुढच्या महिन्यात एका पहाटे कुत्र्यांनी खुराड्याची जाळी उचकटली. कोंबडा गेला, चारही कोंबड्या गेल्या. मामीनं अंगण झाडलं, पिसं एका पिशवीत भरली, पिशवी कुठे ठेवली ते कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाकघरातल्या टोपलीत त्या आठवड्याची नऊ अंडी होती. तिनं टोपली मागच्या खोलीत आणून मामांच्या टेबलावर ठेवली.

"एवढीच आहेत," ती म्हणाली.

मामांनी त्या दिवशी पेटी चालू केली नाही. वही काखेत मारून ते बस पकडून गावाबाहेरच्या उबवणी केंद्रात गेले. मीही, त्यांचा भाचा, सोबत होतो. तिथला माणूस जाडजूड, पांढरे गमबूट, बोलताना शिट्टीसारखा श्वास. त्यानं मामांचा पूर्वीचा धंदा विचारला, वही उघडली आणि आधी अक्षराचं कौतुक केलं.

"काका, मीटर तपासलाय?"

"नवा आहे."

"तुम्ही घड्याळवाले ना? कुणी नवं घड्याळ आणलं तर तुम्ही त्याच्यावर भरवसा ठेवता?"

मामांनी खिशातून पेन्सिल काढली.

"घरी जा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी टाका, नुसतं ओलसर. ते आणि मीटर एका डब्यात घट्ट बंद करून दिवसभर ठेवा. मीटरनं पंचाहत्तर दाखवायला पाहिजे. आणि अंड्यांचं वजन करत जा. अठरा दिवसांत अंडं थोडं हलकं व्हायला हवं. शंभराला अकरा-बारा, एवढं. पाणी गेल्याशिवाय आत हवेला जागा कुठून येणार?" त्यानं पानं उलटली. मग एका पानावर बोट ठेवलं. "हे काय? एकविसावा दिवस. झाकण उघडले, झाकण उघडले, झाकण उघडले..." तो मोजत गेला. "एकोणीस वेळा?"

"बघत होतो. कुठे अडलंय ते."

"मीटर आधी तपासा," तो माणूस हळू म्हणाला आणि वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली.

घरी डब्यातून मीटर काढला तेव्हा तो साठ दाखवत होता. पंधरानं कमी. मामा टेबलाशी बसले आणि जुन्या पानांवर प्रत्येक आकड्यात पंधरा मिळवत गेले. दुसऱ्या खेपेचे साठ म्हणजे पंचाहत्तर. पिल्लं का बुडाली ते कळलं. मग ते पहिल्या खेपेवर आले. पस्तिसाचे पन्नास. शेवटच्या पन्नासाचे पासष्ट. त्यांनी पुन्हा मिळवून पाहिलं. पहिल्या खेपेला सगळं बरोबर होतं. पेटी बरोबर होती, पाणी बरोबर होतं. पिल्लं कवच फोडत होती आणि कुणीतरी दर थोड्या वेळानं झाकण उघडून त्यांची ओल बाहेर सोडत होतं.

मामी दाराशी उभी होती. तिला हिशोब सांगावा लागला नाही.

"हात सगळीकडे चालत नाहीत हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त जड गेलं.

तिसरी खेप. आठव्या दिवशी टॉर्चवर धरून पाहिलं तेव्हा दोन अंडी रिकामी निघाली, सातांत शिरा दिसल्या. मामा दर तीन दिवसांनी वजन करत. घड्याळाच्या बॅटरीएवढ्या वस्तूसाठी आणलेल्या काट्यावर अंडी एकेक करून हलकी होत गेली. अठराव्या दिवशी त्यांनी फिरवणं थांबवलं, वाटी भरली, झाकण बसवलं. मामीनं झाकणावर आपल्या हातानं चिकटपट्टी लावली, चारही बाजूंनी.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या बोटांवर नाही."

एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत चार पिल्लं बाहेर आली होती. ओली, वाकडी, मग हळूहळू फुलणारी. राखाडी. एकाच्या पायांवर पिसांची चाहूल. मामी काचेला नाक लावून बसली होती आणि स्वतःशीच बहिणीचं घरातलं नाव घेत होती. आणखी दोन अंड्यांवर नुकत्याच चांदणीसारख्या रेघा उमटल्या होत्या.

राहिलं सहा नंबरचं. त्याला आदल्या दिवशी दुपारी भोक पडलं होतं, टिकलीएवढं. चोवीस तास झाले. भोकात चोचीचं टोक दिसे, हले, थांबे. मग बराच वेळ काहीच नाही.

मामा स्टुलावर बसले होते. डोळ्याला भिंग. उजव्या हातात बारीक चिमटा. तो कधी उचलला हे बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं. डाव्या हाताचा अंगठा चिकटपट्टीच्या कडेवर होता. कड थोडी सुटलेली होती.

"थांबलंय ते," मामा म्हणाले. "बघ. थांबलंय."

"दमलं असेल."

"आणि अडकलं असेल तर? मघापासून हललं नाहीये."

"उघडलंत तर ती दोन सुकतील. पहिल्या खेपेसारखी."

"नाही उघडलं तर हे जाईल."

मामी काचेपासून बाजूला झाली. पदरानं काचेवरची आपल्या श्वासाची वाफ पुसली.

"उघडायचं तर उघडा," ती म्हणाली. "मी नंतर एक शब्द बोलणार नाही. शेवटची आहेत म्हणूनही बोलणार नाही."

पंखा आत घुमत होता. चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. सहा नंबरच्या भोकात चोचीचं टोक किंचित हललं, किंवा तसं वाटलं. मामांचे ओठ विलगले. त्यांचे ते नेहमीचे दोन शब्द येणार असं वाटलं. आले नाहीत. त्यांनी अंगठ्यानं चिकटपट्टीची सुटलेली कड दाबून बसवली. पुन्हा एकदा दाबली. भिंग काढलं. चिमटा मामीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

मग टेबलाखालून पक्कड आणि तारेचं भेंडोळं काढलं, जे खुराड्याची जाळी फाटल्यापासून तिथे पडून होतं, आणि मान खाली घालून, दाराची चौकट डोक्याच्या कितीतरी वर असताना, अंगणात निघून गेले.