बांगड्या भरणारे चाचा

आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला जुन्नरचे एक चाचा बांगड्या भरायला येतात. बंगाली नाचातली मुलगी असो की पंजाबी, तिला बाकावर बसवून आधी तिचा पंजा डोळे मिटून हलके हलके चेपत राहतात.

यंदा डिंभ्याच्या एका मुलीनं काच लागेल या भीतीनं मूठच आवळली.

चाचा म्हणाले, "हात सैल सोड, पोरी. माहेरी आल्यावानी."

"चाचा, माझं लगीन कुठं झालंय अजून?"

सगळ्या पोरी खिदळल्या. चाचाही लाजून हसले.

मी या पोरींचा नाच बसवणारी बाई. आई गेल्यापासून माझ्या माहेराला कुलूप आहे. त्या मुलीनंतर मीच बाकावर बसले आणि हात पुढे केला.

हात सैल सोड, असं चाचांना मला सांगावं लागलं नाही.