रेडिएटरमागची पाल

ऊर्मिलाला संशय यायला फारसं काही लागत नसे. दुधाचं नवंकोरं पाकीटही ती आधी नाकाला लावी. इमारतीत नवं बिऱ्हाड आलं, की बेलवरची पाटी दोनदा वाचून येई. "पोलिसात जायचीस तू, चुकून बॉटनीत गेलीस," मयुरेश, तिचा नवरा, म्हणे. संशय खरा निघाला की मात्र तोच गप्प बसे.

त्या ऑक्टोबरात, शाळेची सुट्टी सुरू झाली आणि जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइमच्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात काहीतरी शिजू लागलं. मयुरेशच्या कामाच्या खोलीचं दार सदा लोटलेलं. दाराखालून तांबूस उजेड. आणि नऊ वर्षांची स्पृहा, जी एरवी त्या खोलीत पाऊल टाकत नसे, दिवसातून चारदा आत.

"आत काय चाललंय गं?"

"निष्ट्स." स्पृहाने 'काही नाही' जर्मनमध्ये सांगितलं, म्हणजे नक्की काहीतरी होतं.

"मयुरेश, दार का लावतोस?"

"मीटिंग असते."

"शनिवारी?"

"आल्झो... म्हणजे, सॉफ्टवेअरचं रिलीज आहे ना."

सोमवारी बापलेक बाजारात गेली आणि ऊर्मिला झाडू घेऊन निघाली. पॅसेजमधल्या रेडिएटरखाली तिला एक बारीक काळी लेंडी दिसली, टोकाला पांढरी. कोल्हापुरात वाढलेल्या बाईला ती कोणाची हे सांगावं लागत नाही. पण जर्मनीत, घरात, पाल?

तिने चपलांचा स्टँड ओढला. होतीच. पिवळीधमक, ठिपक्याठिपक्यांची, शेपूट कापूस भरल्यासारखी जाड. झाडू दिसला तरी भिंतीवर चढली नाही, नुसती पापण्या मिचकावून बघत राहिली. पाल पापण्या मिचकावते? ऊर्मिलाला ते मुळीच आवडलं नाही. तिने तिला सुपलीत लोटलं, मागचं दार उघडून अंगणातल्या गवतावर सोडलं आणि पॅसेज दोनदा पुसून काढला. बाहेर सहा अंश होते.

पंधरा मिनिटांनी दोघं परतली आणि कामाच्या खोलीतून स्पृहाची किंकाळी आली.

"आई! कुर्कुमा कुठंय?"

"हळद? डब्यात असेल."

"हळद नाही गं," मयुरेशचा चेहरा उतरला होता. "स्पृहाच्या मैत्रिणीचा गेको, पाळलेली पाल. कुर्कुमा त्याचं नाव. लेना फिरायला गेलीये, आठवडाभर सांभाळायचा होता, लाल दिव्याखाली पेटीत. निसटला वाटतं. पिवळा, जाड शेपटीचा..." ऊर्मिलाच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. "तू बाहेर टाकलास? वाळवंटातला प्राणी आहे तो! थंडीत मरेल."

स्पृहा मोज्यांवरच अंगणात धावली. मयुरेश झुडपं हलवू लागला. ऊर्मिला मात्र उभी राहून विचार करत होती. वाळवंटातला जीव या अंगणात कुठे जाईल? जिथे ऊब असेल तिथे. तळघरातल्या कपडे वाळवायच्या मशीनची गरम हवा मागच्या भिंतीतल्या जाळीतून बाहेर येते. ती तिकडे गेली. जाळीपासून वीतभर अंतरावर, गोट्यांवर तो पडला होता, लाकडासारखा ताठ.

तिच्या माहेरी पाल अंगावर पडली की कपड्यांसकट आंघोळ करत. ऊर्मिलाने ती पाल स्वतःच्या हाताने उचलली आणि स्वेटरच्या आत, पोटाशी धरली.  स्वयंपाकघरात तिघं रेडिएटरला चिकटून उभी राहिली. बऱ्याच वेळाने पोटाला काहीतरी हळूच खरवडलं.

"आहे," ती म्हणाली. स्पृहा रडायला लागली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आधी नाही म्हणतेस," स्पृहा जर्मनमध्ये म्हणाली, "आणि मग विचारतेस, काय होतं ते."

ऊर्मिलाने स्वेटरवरून कुर्कुमाला अलगद सावरलं. 

"बरं," ती म्हणाली, "आणखी काय लपवलंय?"

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं.

"त्याचं खाणं," मयुरेश पुटपुटला. "अळ्या. जिवंत. म्हणून फ्रिजमध्ये... क्वार्कच्या डब्यात."

ऊर्मिलाने गेकोला तसंच धरून फ्रिज उघडला. श्रीखंडासाठी चक्क्याऐवजी आणलेल्या क्वार्कचे तीन सारखे डबे ओळीने होते.

"कुठला?"

"मधला," स्पृहा म्हणाली. मग कोणी न विचारता, नाक पुसत, मराठीत म्हणाली, "आणि अजून एक डबा आहे. तुझ्या बेसनाच्या मागे."